बुडालेली पेढी, तगलेलं विद्यापीठ

1903 च्या जुलै महिन्यात तान काह की सिंगापूरच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. आईच्या दफनविधीसाठी गेलेले तान जवळपास तीन वर्षं चीनमध्ये आपल्या गावीच होते. निघताना वडिलांची पेढी जोरात होती. तांदळाचा घाऊक व्यापार, अननस डबाबंद करण्याचा कारखाना, शहरात जमिनी आणि घरं असा सगळा पसारा होता. परत येऊन पाहतात तो पेढी बसलेली. वह्यांचा मेळ लागत नव्हता, घरातल्याच माणसांनी पैसा उधळला होता, मालमत्ता गहाण पडली होती आणि एकूण देणं दोन लाख डॉलरांच्या वर गेलं होतं. हा डॉलर अमेरिकेचा नव्हे, मलायातल्या इंग्रजी वसाहतींचा. 1906 साली त्याचा दर दोन शिलिंग चार पेन्सना बांधला गेला. तेव्हाच्या आपल्या रुपयाच्या हिशेबात एक डॉलर म्हणजे पावणेदोन रुपये. त्या दराने हे देणं साडेतीन लाख रुपयांचं होतं.

इंग्रजी कायद्याने बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येत नव्हतं. तान यांनी हात झटकले असते, तर कोर्टात कुणी त्यांचं काही वाकडं करू शकलं नसतं. वडील तान की पेक थकले होते. धंदा पुन्हा उभा करण्याची उमेद त्यांच्यात उरली नव्हती. मुलाने मात्र सावकारांना सांगितलं, की हातात पैसा येईल तसं हे देणं मी फेडीन. चार वर्षांनी, 1907 मध्ये, त्यांनी स्वतःहून सावकारांशी बोलणी केली. नव्वद हजारांवर तडजोड झाली आणि ती रक्कम त्यांनी चुकती केली. ज्या काळात फुजियानी व्यापाऱ्यांचे निम्मेअधिक व्यवहार शब्दावर चालत, त्या काळात ही बातमी बाजारभर व्हायला वेळ लागला नाही.

तान यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या व्यवहारात आहे. एकदा शब्द दिला की खिशात काय आहे हे न पाहता तो पाळायचा, हा त्यांचा स्वभाव. या स्वभावाने त्यांना बाजारात पत दिली, यानेच पुढे त्यांची पेढी बुडवायला हातभार लावला, आणि याच्यामुळेच चीनच्या किनाऱ्यावर एक विद्यापीठ उभं राहिलं.

जिमेई ते सिंगापूर

जिमेई हे फुजियान प्रांतातलं किनाऱ्यावरचं गाव. समोर अमॉय बेट, म्हणजे आजचं शियामेन. प्रांत डोंगराळ, पिकाऊ जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार. 1842 च्या नानकिंग तहाने अमॉय बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं आणि इथल्या माणसांनी नानयांगची, म्हणजे दक्षिण समुद्रापलीकडच्या मुलखाची वाट धरली. मलाया, जावा, सयाम, फिलिपिन्स, जिथे पोट भरेल तिथे ती गेली. जिमेईत जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी समुद्रापलीकडे असायचं. तान यांचे वडीलही सिंगापूरलाच होते. 21 ऑक्टोबर 1874 रोजी जन्मलेला मुलगा आईच्या हाताखाली वाढला. भाऊबंदांच्या शाळेत जुने ग्रंथ घोकून पाठ करायचे, अर्थ कळला नाही तरी चालायचं, अशा पद्धतीने तो शिकला. या शिक्षणाबद्दलची नाराजी त्यांच्या मनात कायमची राहिली.

1890 मध्ये, सोळाव्या वर्षी, ते सिंगापूरला वडिलांच्या तांदळाच्या पेढीवर रुजू झाले. पोती मोजणं, उधारी वसूल करणं, खातेवही लिहिणं अशी कामं ते शिकले. लग्नासाठी गावी गेले असताना, 1894 मध्ये, त्यांनी गावात एक शाळा काढण्यासाठी दोन हजार दिले. तेव्हा त्यांचं वय वीस होतं आणि स्वतःच्या नावावर एक दुकानही नव्हतं. श्रीमंत झाल्यावर माणसं दानधर्म करतात. तान यांनी तो आधी सुरू केला.

अननस आणि रबर

पेढी बसल्यावर 1904 मध्ये त्यांनी सात हजार डॉलर जमवून अननसाचा कारखाना काढला. कारखाना म्हणायचा तर लाकडी छपराची शेड आणि जुनी यंत्रं. पण धंदा त्यांना आतून माहीत होता. अननस हे नाशवंत फळ. आलेला माल त्या त्या दिवशी सोलायचा, चिरायचा, डब्यात भरायचा, डबा डाक देऊन बंद करायचा आणि उकळायचा. सिंगापूरचे बाकीचे कारखानदार नफा-तोटा हंगाम संपल्यावर काढत. तान रोजच्या रोज हिशेब घेऊ लागले. आज किती फळ आलं, त्यातून किती डबे निघाले आणि सालीबरोबर किती गर वाया गेला, याची नोंद संध्याकाळपर्यंत व्हायची. त्यामुळे कुठल्या भावाला फळ घ्यायचं आणि कुणाच्या हाताखाली माल वाया जातो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाऊक असायचं.

दुसरी गोष्ट त्यांनी हेरली ती मागणीतली. अननसाचे बहुतेक डबे ठरावीक कापाचे असत आणि त्यांत सगळ्यांची स्पर्धा होती. काही गिऱ्हाइकांना मात्र वेगळे काप, वेगळा पाक, वेगळ्या आकाराचे डबे हवे असत. अशी मागणी थोडी, म्हणून तिच्याकडे कुणी फिरकत नसे. तान स्वतः युरोपीय व्यापारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आणि या फुटकळ ऑर्डरी गोळा करून आणल्या. त्यांत नफा जास्त होता. पहिल्याच हंगामात भांडवलाहून जास्त पैसा सुटला.

कारखान्याला लागणारं फळ स्वतःचं असावं म्हणून त्यांनी सिंगापूर बेटाच्या उत्तरेला जंगलाने भरलेली 500 एकर जमीन अडीच हजार डॉलरना घेतली. जंगल तोडून अननस लावला. 1906 मध्ये मलाक्क्याच्या तान चाय यान यांच्याकडून त्यांनी 1,800 डॉलर देऊन रबराच्या एक लाख 80 हजार बिया आणल्या. मलायात रबराची व्यापारी लागवड करून दाखवणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत तान चाय यान यांचं नाव होतं. मूळ ब्राझीलचं हे झाड लंडनच्या क्यू उद्यानामार्फत 1877 मध्ये सिंगापुरात आलं होतं. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली ते लावा म्हणून मळेवाल्यांच्या इतके मागे लागत, की लोक त्यांना वेड्यात काढत.

रबराचं झाड चीक द्यायला सहा-सात वर्षं घेतं. तेवढा काळ भांडवल मातीत अडकून पडतं आणि लहान व्यापाऱ्याला ते परवडत नाही. तान यांनी अननसाच्या ओळींमध्येच रबर लावलं. झाडांची सावली पडेपर्यंत अननसाने मळ्याचा खर्च भागवला. मोटारगाड्यांच्या टायरांमुळे 1910 मध्ये रबराच्या भावाने उसळी घेतली आणि लंडनच्या भांडवलदारांना मळे हवे झाले. तोवर वाढवत हजार एकरांवर नेलेला तो मळा तान यांनी तीन लाख 20 हजार डॉलरना विकून टाकला. त्या पैशातून मलायाच्या मुख्य भूमीवर, जोहोरकडे, कितीतरी मोठी आणि स्वस्त जमीन घेऊन त्यांनी पुन्हा लागवड सुरू केली. स्वस्त जंगल घ्यायचं, त्याला पिकाने किंमत आणायची आणि भाव चढला की विकून पुढे सरकायचं. जमिनीच्या व्यवहाराची ही रीत त्यांना पुढची पंधरा वर्षं फळली.

पहिल्या महायुद्धात जहाजांची टंचाई झाली. माल धक्क्यावर पडून राहू लागला, तेव्हा त्यांनी आधी भाड्याने जहाजं घेतली, मग दोन विकत घेतली आणि ती फ्रेंच सरकारला भाड्याने दिली. 1918 पर्यंत दोन्ही जहाजं पाणबुड्यांच्या हल्ल्यात बुडाली. विम्याचे सुमारे 12 लाख डॉलर हाती आले. हा पैसा त्यांनी रबरात घातला. अननसाचा कारखाना रबर गिरणीत बदलला आणि सिंगापूरच्या सुंबावा रोडवर बूट, टायर, खेळणी, औषधी साहित्य बनवणारा मोठा कारखाना उभा केला. घंटेची खूण असलेले त्यांचे कॅनव्हासचे बूट चीनच्या शहरांपासून जावापर्यंत खपू लागले. 1925 च्या सुमारास त्यांच्याकडे 15 हजार एकर रबर होतं, हाताखाली 10 हजारांहून अधिक माणसं होती आणि मालमत्ता एक कोटी 20 लाख डॉलरची मानली जात होती.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मलायातल्या रबराची सगळी श्रीमंती स्वस्त मजुरीवर उभी होती. चीनहून नुकतेच उतरलेले आणि मद्रास इलाख्यातून आणलेले मजूर जंगल तोडत, हिवतापाने मरत, आणि पहाटे अंधारात झाडांना काप देत. तान यांचे मळे या व्यवस्थेबाहेरचे नव्हते. शिवाय ते कडक मालक होते, पेढीवर शब्द त्यांचाच चाले. चार बायका आणि 17 मुलं असं त्यांचं कुटुंबही जुन्या चिनी धाटणीचं होतं.

कोळ्यांच्या गावात शाळा

1911 च्या क्रांतीने मांचू राजवट संपली. तान त्याआधीच क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांच्या संघटनेत सामील झाले होते. मांचूंच्या सक्तीची शेंडी कापून त्यांनी आपली बाजू उघड केली होती आणि फुजियानसाठी निधीही गोळा केला होता. प्रजासत्ताक आल्यावर बहुतेकांना राजकारण खुणावत होतं. तान 1912 मध्ये गावी गेले ते शाळा काढायला.

जिमेईत तेव्हा एकाच आडनावाच्या पण वेगवेगळ्या शाखांच्या वाड्या होत्या आणि त्यांच्यात पिढीजात वैर होतं. प्रत्येक शाखेची शाळा वेगळी, तीही चार-दोन पोरांची. तान यांनी सगळ्यांना बसवून एकच शाळा काढायचं कबूल करून घेतलं. 1913 मध्ये ती एका कुळाच्या देवघरात भरू लागली. कायमच्या इमारतीला जागा हवी होती, पण गावात कुठल्याही तुकड्यावर हात ठेवला की दुसरी शाखा भांडायला उठायची. शेवटी त्यांनी गावाबाहेरचं माशांचं एक मोठं तळं दोन हजारांना घेतलं, भोवती चर खणून त्याच मातीने मधला भाग भरून काढला आणि त्यावर शाळा बांधली. जमिनीचा व्यवहार कळणाऱ्या माणसालाच सुचेल अशी ही तोड होती.

मग एकेक संस्था वाढत गेली. 1917 मध्ये मुलींची शाळा निघाली. 1918 मध्ये अध्यापक विद्यालय आणि माध्यमिक शाळा, 1920 मध्ये मत्स्यव्यवसाय आणि वाणिज्य, 1926 मध्ये शेतकी विद्यालय सुरू झालं. मत्स्यव्यवसायाची निवड मुद्दाम केलेली होती. किनाऱ्यावरच्या मुलांनी नौकानयन आणि यांत्रिक मासेमारी शिकावी, चीनची जहाजं चिनी माणसांनी चालवावीत, असं त्यांना वाटे. सिंगापुरातही त्यांनी फुजियानी समाजाच्या शाळांची जबाबदारी उचलली आणि 1919 मध्ये तिथलं चिनी माध्यमिक विद्यालय सुरू केलं. वेगवेगळ्या प्रांतांचे चिनी तोवर आपापल्या बोलीच्या शाळा चालवत. या विद्यालयात प्रथमच सगळ्यांची मुलं एका वर्गात बसून प्रमाण चिनी भाषेत शिकू लागली.

अमॉयचं विद्यापीठ

1919 च्या उन्हाळ्यात तान यांनी अमॉयमध्ये सभा बोलावली. कोटीभर लोकवस्तीच्या फुजियानमध्ये चिनी लोकांनी काढलेलं एकही विद्यापीठ नव्हतं, माध्यमिक शाळांना शिक्षक मिळत नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की इमारतींसाठी दहा लाख आणि चालू खर्चासाठी बारा वर्षांत तीस लाख मी देईन. त्या वेळी त्यांची एकूण मालमत्ता साधारण या आकड्याच्याच घरात होती. म्हणजे हा माणूस आपलं सगळं, शिवाय अजून न मिळवलेलंही, देऊन बसला होता.

6 एप्रिल 1921 रोजी 98 विद्यार्थ्यांना घेऊन अमॉय विद्यापीठ, म्हणजे आजचं शियामेन विद्यापीठ, जिमेईतल्या इमारतींत सुरू झालं. कायमची जागा समुद्रकाठच्या कवायत मैदानावर मिळाली. सतराव्या शतकात मांचूंविरुद्ध लढलेला सेनानी झेंग चेंगगाँग याने तिथे आपलं सैन्य घडवलं होतं. पायाभरणीला 9 मे हा दिवस निवडला. 1915 मध्ये याच दिवशी चीनने जपानच्या एकवीस मागण्यांपुढे मान तुकवली होती आणि तो राष्ट्रीय अपमानाचा दिवस म्हणून पाळला जाई.

अमेरिकन वास्तुरचनाकारांनी आराखडा पाठवला. त्यात तीन-तीन इमारतींचे त्रिकोणी पुंजके होते. तान यांनी तो नाकारला. असे पुंजके बांधले तर मैदान तुकड्यातुकड्यांत खाऊन टाकतील, पुढे खेळाला आणि वाढीला जागा कुठून आणायची, असा त्यांचा सवाल होता. इमारती एका रांगेत, डोंगराला पाठ आणि समुद्राकडे तोंड करून बांधल्या गेल्या. भिंती तिथल्याच ग्रॅनाइटच्या, धाटणी पाश्चात्त्य आणि वर वळलेल्या कडांचं चिनी कौलारू छप्पर. या शैलीला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. इमारतींना मात्र त्यांनी आपलं नाव लागू दिलं नाही. सिंगापूरचे डॉक्टर लिम बून केंग कुलगुरू म्हणून आले आणि 1937 पर्यंत राहिले. आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू लू शुन यांनीही 1926-27 च्या हिवाळ्यात इथे काही महिने शिकवलं.

आपण सुरुवात केली की इतर धनवान पुढे येतील, असा तान यांचा हिशेब होता. त्यांनी नानयांगमधल्या गडगंज फुजियानी व्यापाऱ्यांची दारं ठोठावली. निदान ग्रंथालयाची इमारत बांधून द्या, तिला तुमचं नाव देऊ, इथपर्यंत विनवून पाहिलं. पण हात कुणी सैल सोडला नाही. विद्यापीठाचा गाडा एकट्या पेढीवर येऊन पडला.

चार शिलिंगांवरून दोन पेन्सांवर

1925 च्या अखेरीस लंडनच्या बाजारात रबराचा भाव पौंडाला चार शिलिंगांच्या वर होता. 1932 मध्ये तो दोन पेन्सांच्या खाली गेला. कुठलीही पेढी हा तडाखा सोसू शकत नव्हती, आणि तान यांनी तेजीच्या काळात कर्ज काढून गिरण्या वाढवल्या होत्या. बुटांच्या बाजारात जपानी माल निम्म्या किमतीला येऊ लागला. 1928 मध्ये जपानी सैन्याने चीनच्या जिनान शहरात कत्तल केली, तेव्हा तान यांनी मदतनिधी उभारला आणि जपानी मालावरच्या बहिष्काराचं नेतृत्व केलं. त्याच वर्षी त्यांच्या कारखान्याला आग लागून मोठं नुकसान झालं.

तोटा होत असतानाही शाळा आणि विद्यापीठाला पैसे जात राहिले. 1926 नंतर ते नफ्यातून नव्हे तर कर्जातून आणि मळे विकून जात होते. 1931 मध्ये बँकांनी पेढीची मर्यादित कंपनी करून ताबा घेतला. शाळांची मदत बंद करा, असा त्यांचा तगादा होता. व्यापारी दृष्टीने तो चुकीचा नव्हता, ठेवीदारांचा पैसा त्यांना सांभाळायचा होता. तान तयार झाले नाहीत. माझ्या हातून धंदा गेला तर तो माझ्यापुरता जाईल, शाळा बंद पडली तर ती पुन्हा उघडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांसाठी बांधलेले बंगले विकून त्यांनी विद्यापीठ चालवलं, ही गोष्ट तर फुजियानमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. 1934 च्या फेब्रुवारीत कंपनी गुंडाळली गेली. 1937 मध्ये त्यांनी विद्यापीठ बिनशर्त राष्ट्रीय सरकारच्या हवाली केलं. सोळा वर्षं त्यांनी ते जवळजवळ एकट्याने पोसलं होतं.

युद्ध

दिवाळं निघालेल्या व्यापाऱ्याचं समाजातलं वजन सहसा संपतं. तान यांचं वाढलं. 1937 मध्ये जपानने चीनवर उघड आक्रमण केलं आणि पुढच्या वर्षी 10 ऑक्टोबरला आग्नेय आशियातल्या चिनी मदत समित्यांची शिखर संघटना सिंगापुरात स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून तान यांचीच निवड झाली. संस्थांसाठी धुळीला मिळालेला माणूस आपल्या पैशाला हात लावणार नाही, हा विश्वास हमालापासून बँकवाल्यापर्यंत सगळ्यांना होता. त्याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर मुंबईहून चीनला निघाले होते. आपल्याकडे हे युद्ध आपण कोटणीसांच्या नावाने ओळखतो. त्याच युद्धाला पैसा, औषधं आणि माणसं पुरवणारी दुसरी मोठी वाट तान यांच्या कचेरीतून जात होती.

चीनची बंदरं जपान्यांच्या हाती पडल्यावर शस्त्रसामग्री येण्याचा मुख्य रस्ता उरला तो ब्रह्मदेशातल्या लाशिओपासून कुनमिंगपर्यंतचा. सुमारे साडेअकराशे किलोमीटरचा हा रस्ता कडे-कपारींतून जाई. गाड्या होत्या, पण चालक नव्हते. तान यांनी 1939 मध्ये नानयांगमधल्या चिनी तरुणांना आवाहन केलं. मोटार चालवणारे आणि दुरुस्त करणारे तीन हजारांहून अधिक स्वयंसेवक चांगली नोकरी सोडून गेले. दरीत कोसळून, हिवतापाने आणि बाँबहल्ल्यांत त्यांतले हजारावर मेले.

1940 मध्ये तान स्वतः चीनच्या दौऱ्यावर गेले. राजधानी चुंगकिंगमध्ये त्यांच्या सरबराईसाठी सरकारने मोठी रक्कम राखून ठेवली होती. त्यांनी वर्तमानपत्रांत निवेदन देऊन मेजवान्या नाकारल्या, देश लढत असताना हा खर्च नको म्हणाले. तिथली बडदास्त आणि अधिकाऱ्यांचे धंदे पाहून त्यांचं मन उतरलं. मग ते कम्युनिस्टांच्या येनानला गेले. कोटणीस तोवर तिथून आघाडीकडे रवाना झाले होते. कम्युनिस्टांचे नेते माओ यांनी अंगणातल्या जुन्या मेजावर कागद अंथरून जेवण वाढलं, वाऱ्याने कागद उडाला तसं उघड्या मेजावरच सगळे जेवले. पानात भात, घरच्या वाफ्यातली भाजी आणि शेजारणीने दिलेल्या कोंबडीचा रस्सा. चीनचं भवितव्य या माणसांच्या हाती आहे, असं मत बनवून तान परतले आणि ते त्यांनी उघडपणे मांडलं. साधेपणावरून राज्यकर्त्यांची पारख करण्यात धोका असतो. तान यांनी तो पत्करला.

जपानी फौजा सिंगापूरच्या दाराशी आल्यावर, 3 फेब्रुवारी 1942 रोजी, त्यांनी छोट्या बोटीतून सुमात्रा गाठलं आणि तिथून जावा. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. पाठोपाठ जपान्यांनी चिनी पुरुषांना रांगेत उभं करून चाळलं आणि संशयितांना समुद्रकिनारी नेऊन गोळ्या घातल्या. जपानी आकडा पाच-सहा हजारांचा, चिनी समाजाचा अंदाज याच्या कितीतरी पट. मदतनिधीशी संबंध हा मोठा गुन्हा होता. त्या निधीचा अध्यक्ष साडेतीन वर्षं पूर्व जावात मलंगच्या आसपास नाव बदलून राहिला. जवळ विष बाळगलेलं होतं. त्यांना लपवणाऱ्यांत जिमेईच्या शाळांचे आणि अमॉय विद्यापीठाचे जुने विद्यार्थी होते. पकडलं जाण्याची भीती दारात असताना त्यांनी आपल्या जाडजूड आठवणी लिहून काढल्या.

शेवटची बांधकामं

1949 मध्ये माओंच्या निमंत्रणावरून तान बीजिंगला गेले आणि 1950 मध्ये जिमेईत कायमचे राहायला आले. सिंगापुरातलं इंग्रज सरकार त्यांच्या डाव्या भूमिकेवर नाराज होतं. त्यांनी काढलेलं दैनिक त्याच वर्षी बंद पाडण्यात आलं. गावात बाँबहल्ल्यांनी शाळांची दैना झाली होती. पंचाहत्तरी ओलांडलेला हा माणूस हातात काठी घेऊन रोज बांधकामावर जाई, दगडाची घडण पाही, चुन्याचा हिशेब विचारी. पैसा बराचसा जावई ली काँग चियान यांचा होता. शियामेन बेट मुख्य भूमीला जोडणारा बांध आणि शियामेनपर्यंतची रेल्वे व्हावी म्हणून त्यांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला. दोन्ही कामं 1957 पर्यंत पूर्ण झाली. राहणी मात्र पेढीवरच्या कारकुनासारखी होती.

12 ऑगस्ट 1961 रोजी बीजिंगमध्ये त्यांचं निधन झालं. शवपेटी रेल्वेने, त्यांनीच मागून घेतलेल्या मार्गावरून, जिमेईला आणली आणि समुद्रकाठी दफन केली. मागे राहिलेली तीस लाखांहून अधिक युआनची रक्कम शाळा आणि सार्वजनिक कामांना गेली. मुलांच्या वाट्याला काही आलं नाही.

त्यांच्या दानाचं मोल करताना भाबडेपणा टाळायला हवा. तान यांनी विद्यापीठ रोजच्या कमाईवर चालवलं. गंगाजळी उभी करून तिच्या व्याजावर चालेल अशी सोय त्यांनी वेळेत केली नाही. रबर घसरलं तशी संस्थाही डगमगली आणि शेवटी सरकारकडे गेली. हा धडा घेतला तो त्यांच्या पेढीवर उमेदवारी केलेल्या ली काँग चियान यांनी. सासऱ्यांच्या पडत्या काळातच त्यांनी स्वतःचा रबराचा धंदा उभारला, हातात रोकड राखली, कर्ज कमी ठेवलं, 1952 मध्ये ली प्रतिष्ठान स्थापन केलं आणि पुढे कंपनीतली आपली मोठी मालकी त्याच्या नावे केली. ते प्रतिष्ठान आजही सिंगापूर-मलेशियातल्या ग्रंथालयांना, रुग्णालयांना आणि विद्यापीठांना पैसा देतं. तान यांच्याच हाताखाली तयार झालेले दुसरे व्यापारी तान लार्क साय यांनी 1953 मध्ये नानयांग विद्यापीठाची कल्पना मांडली आणि त्यासाठी 50 लाख डॉलर जाहीर केले. दारोदार फिरून जे दाते तान यांना मिळाले नव्हते, ते त्यांच्याच पेढीवर घडले होते.

आपल्याकडेही शिक्षणसंस्था काढणारे उद्योगपती पुष्कळ आहेत. त्यांनी हिशेबाची शिस्त ली काँग चियान यांच्याकडून शिकावी. पण बँका, मंदी आणि घरची माणसं अशा सगळ्यांनी थांब म्हटल्यावरही शाळेचा खर्च सगळ्यात शेवटी बंद करायचा, ही धमक तान काह की यांच्याचकडून घ्यावी लागेल.